बाहेरून ऑर्डर आली, आता पुढे काय?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा ऐकताना नोंदी घ्यायच्या राहून गेल्या, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं थोडी नीट केलीत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय आहे छोट्या धंद्याची निर्यात. उगाच हवेत बोलायला नको म्हणून एकच वस्तू घेऊ, कोल्हापुरी चप्पल.

जून २०२५ आठवतोय ना? मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कोल्हापूरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. गदारोळ झाला, मग कंपनीने भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या, मीम्स शेअर केले. पण एक प्रश्न मागे राहिला. उद्या मिलानमधलंच एखादं छोटं दुकान कोल्हापूरच्या कारागिराला थेट मेसेज करून म्हणालं, "४० जोड पाठवा", तर तो पाठवू शकेल का? आणि पाठवून त्याच्या हातात चार पैसे उरतील का?

जीआय आहे, मग काळजी कसली?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकाला मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे संरक्षण भारतातलं आहे, परदेशात ते आपोआप लागू होत नाही. दोन, त्या जिल्ह्यात राहतो म्हणून कुणी जीआयचा अधिकृत वापरकर्ता होत नाही, त्यासाठी स्वतःची नोंदणी करावी लागते. जीआयमुळे नाव जपलं जातं. माल विकणं आणि पैसे वसूल करणं हे काम आपलंच.

पहिली पायरी: तुमच्या मालाचं जगातलं नाव

आपण म्हणतो कोल्हापुरी. कस्टमवाला म्हणतो नंबर सांगा. या नंबराला एचएस कोड म्हणतात. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, भारतात पुढे दोन जोडून आठ होतात. आता गंमत ऐका. ६४०३२० या कोडचं वर्णन साधारण असं आहे: तळ चामड्याचा, आणि वर पायावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. डोळ्यांसमोर कोल्हापुरीच आली ना? कोड चुकला तर ड्युटी चुकते, आणि पार्सल तिकडे अडकून पडतं.

दुसरं म्हणजे साइज. आपला ८ नंबर युरोपात ४२ च्या आसपास जातो, पण "आसपास"वर धंदा करू नका. पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये द्या. शिवाय कोल्हापुरी वापरून सैल होते हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, तिकडच्या गिऱ्हाइकाला नसतं. ते आधीच लिहा, नाहीतर "घट्ट आहे" म्हणून माल परत येईल.

तिसरं म्हणजे कातडं. पायाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ चं प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर युरोपियन युनियनमध्ये तो माल विकता येत नाही. २०१५ पासूनचा नियम आहे हा. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्यात क्रोमियम घालतच नाहीत. म्हणजे आजोबांची जुनी पद्धत इथे तुमच्या बाजूने उभी आहे! पण "आमचं नैसर्गिक आहे हो" एवढं सांगून भागत नाही, लॅबचा रिपोर्ट लागतो. रंगांनाही असेच नियम आहेत, म्हणून रंग कुठला वापरलाय ते तुम्हाला ठाऊक हवं.

दुसरी पायरी: कागद

लोक इथेच घाबरतात, आणि खरं तर हीच पायरी सगळ्यात सोपी आहे. निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो. डीजीएफटीच्या साइटवर अर्ज करायचा, फी ५०० रुपये. हल्ली तुमचा पॅन नंबरच आयईसी म्हणून वापरला जातो. तो कायमचा असतो, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन जाऊन माहिती तपासून अपडेट करावी लागते, काही बदल नसला तरी. विसरलात तर क्रमांक बंद पडतो.

जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी भरून ठेवा. त्यामुळे निर्यातीच्या मालावर आधी कर भरा, मग परताव्याची वाट बघा, हे टळतं. तेही दर आर्थिक वर्षी नव्याने करायचं.

आणि ४० जोडांसाठी अख्खा कंटेनर लागत नाही. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. निर्यातीचं बिल ऑनलाइन भरायचं आणि पार्सल तिथे नेऊन द्यायचं.

तिसरी पायरी: भाव, आणि ड्युटी कोण भरणार?

इथे खरं नुकसान होतं, म्हणून समजुतीसाठी एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत. एका जोडाला माल आणि मजुरी १,००० रुपये. पॅकिंग ८०. बँकेचा खर्च ६०. खराब निघालेल्या किंवा परत आलेल्या मालासाठी ६०. आपला नफा ३००. झाले १,५००. वर पार्सलचा खर्च ७०० धरा. एकूण २,२००.

गिऱ्हाईक म्हणतं, "डीडीपी द्या." आपण म्हणतो, "हो साहेब." डीडीपी म्हणजे त्याच्या दारापर्यंत माल पोचवायचा आणि तिथली ड्युटीसुद्धा आपणच भरायची. समजा ड्युटी आणि कर मिळून १,५०० वर २० टक्के लागला. ३०० रुपये झाले. नफा संपला! तीन अक्षरांना हो म्हटलं आणि ४० जोडांची मेहनत फुकट गेली.

या अक्षरांना इनकोटर्म्स म्हणतात. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या अशा ११ अटी आहेत, सध्याची आवृत्ती २०२० ची. सगळ्या पाठ करू नका. छोट्या पार्सलसाठी बहुतेक वेळा डीएपी बरी पडते: माल आपण पोचवायचा, ड्युटी घेणाऱ्याने भरायची. डीडीपी द्यायचीच असेल तर ड्युटी आधी विचारून भावात धरा.

नियम बदलतात हेही ध्यानात ठेवा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर अमेरिकेत ड्युटी लागत नव्हती. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ती सवलत थांबवली गेली. ज्यांचा सगळा धंदा त्याच सवलतीवर उभा होता, त्यांचं गणित एका दिवसात बदललं. म्हणून सगळा माल एकाच देशाच्या भरवशावर ठेवू नका.

चौथी पायरी: पैसे

उधारीचं पोतं सव्वा हात रितं! ही म्हण परदेशी व्यवहाराला तर दुप्पट लागू आहे, कारण तगादा लावायला तुम्ही मिलानला जाणार नाही. पहिल्या ऑर्डरला निम्मी रक्कम आधी घ्या, उरलेली माल निघण्यापूर्वी. गिऱ्हाईक नाराज झालं तर छोटी ऑर्डर द्या म्हणावं, दोन जोडांपासून सुरुवात करू. पुढे उधारी द्यायची वेळ आली तर ईसीजीसी ही सरकारी कंपनी परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवण्याच्या धोक्याचा विमा देते.

आणि खरेदीदारच जर म्हणाला, "ऑर्डर मंजूर करायला आधी तुम्ही फी भरा," किंवा "चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा," तर चॅट तिथेच बंद करा. तो खरेदीदार नाही.

शेवटचं सांगतो. जगाशी धंदा करायला मोठं ऑफिस लागत नाही, इंग्रजीही फाडफाड लागत नाही. लागतात चार ओळी, लिहून दिलेल्या: माल नेमका कोणता, कुठपर्यंत पोचवणार, ड्युटी कोणाची, पैसे कधी. कौतुक करणारे तिकडे खूप भेटतील, पण या चार ओळींवर "ओके" येईपर्यंत कातड्याला कात्री लावू नका.

घरात, गल्लीत कुणी काही बनवत असेल, मसाला, गोधडी, चप्पल काहीही, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. आणि आज रात्री एकच काम करा, त्यांच्या मालाचा एचएस कोड शोधून द्या. भेटू पुढच्या भागात!