दिवेलागणीनंतरची कॉफी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मौजे माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे अशी ज्याची नोंद आहे, त्या गावाच्या शिवारात राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि तेथील संध्याकाळचा क्रमच पालटला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा येथे उन्हाळ्यात सायंकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० झालेले असतात. साहजिकच ज्यांची कचेरी माणला आणि ग्राहक अमेरिकेत, अशा मंडळींच्या बैठकांना दिवेलागणीच्या सुमारास तोंड फुटते. दोन बैठकांच्या मधल्या अवकाशात सहकाऱ्यांसमवेत घटकाभर बसावे, म्हणून ही मंडळी कॉफीच्या दुकानात येतात, आणि त्यांच्यापैकी ज्याला रात्री स्वस्थ झोप हवी असते तो काउंटरवर "डिकॅफ आहे का?" असे विचारतो. डिकॅफ म्हणजे झोप उडविणारे कॅफीन काढून टाकलेली कॉफी. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते. ही मागणी चोचल्यांत जमा करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र ती सर्वथैव रास्त वाटते, आणि ती पुरी करणे दुकानदारास वाटते तितके अवघड नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे.

मनुष्य जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते मेंदूतील आपल्या ठरावीक जागी जाऊन भिडले की डोळ्यांवर झापड येऊ लागते. कॅफीनची घडण या द्रव्याशी इतकी मिळतीजुळती आहे की, कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी त्याप्रमाणे ते ती जागा अडवून बसते आणि झोपेचा सांगावा पोहोचतच नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर येण्यास साधारणतः ५ तास लागतात. म्हणजे सायंकाळी ६.३० वाजता पोटात गेलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी ५० मिलिग्रॅम रात्री ११.३० वाजता, आणि २५ मिलिग्रॅम पहाटे ४.३० वाजताही अंगात शिल्लक असते. हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून कॅफीन लवकर निघून जाते, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा अवधी सुमारे दुप्पट होतो, आणि गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत तो १५ तासांच्या घरात जाऊ शकतो. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निजण्यापूर्वी ६ तास अगोदर दिलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप एका तासाहून अधिक घटल्याचे आढळले होते. तेव्हा रात्री दहाला कॉफी घेऊन गाढ झोपणाऱ्या मित्राचा दाखला देऊन दुसऱ्याची तक्रार खोडून काढणे न्याय्य नव्हे.

कॉफीऐवजी चहा घ्यावा, ही सूचना आपल्या पुणे जिल्ह्यात, जेथे अमृततुल्याची परंपरा घरोघरी ठाऊक आहे, हटकून केली जाते. पण चहाच्या पेल्यातही कॉफीच्या निम्म्याच्या आसपास कॅफीन असते, आणि हॉट चॉकलेटही त्यापासून अगदीच मुक्त नाही.

कॉफीतून कॅफीन वेगळे काढण्याची कथा दोनशे वर्षांची आहे. महाकवी गटे यांनी फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती कॉफीच्या बिया ठेवून त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले, आणि १८१९ साली रुंगे यांनी कॅफीन हाती लावले. व्यापारी यश मात्र ब्रेमेन बंदरातील कॉफीचे व्यापारी लुडविग रोझेलियुस यांच्या वाट्याला आले. समुद्राच्या पाण्याने भिजलेला कॉफीचा माल त्यांच्याकडे आला असता त्यातील कॅफीन बरेचसे गेले असून चव तितकीशी बिघडली नाही, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यावरून बेतलेल्या कृतीच्या बळावर १९०६ साली त्यांनी 'काफे हाग' ही कंपनी काढली. त्यांनी वापरलेला द्रावक बेंझीन होता. तो आरोग्यास घातक असल्याचे पुढे उघड झाले आणि तो मागे पडला. पण डिकॅफविषयी जनमानसात जो संशय रुजला, त्याचे एक मूळ येथे आहे.

आज प्रचलित असलेल्या सर्व रीतींत ही प्रक्रिया भाजण्यापूर्वी, हिरव्या कच्च्या बियांवरच केली जाते. बिया वाफेने किंवा पाण्याने फुगवून डायक्लोरोमिथेन अथवा इथिल ॲसिटेट या द्रावकाने त्यांतील कॅफीन ओढून घेणे, ही एक रीत. इथिल ॲसिटेट उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलपासून तयार करता येते, आणि आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत ते मोठ्या प्रमाणावर बनते; उसाच्या या मुलखात डिकॅफचा उद्योग का रुजू नये, हा प्रश्न मला वारंवार पडतो. दुसरी रीत केवळ पाण्याची आहे. तिचा उगम स्वित्झर्लंडमधला असला तरी आज तिचा प्रमुख कारखाना कॅनडात व्हँकूव्हरजवळ आहे. कॉफीतील इतर सर्व विद्राव्य अंशांनी आधीच संपृक्त झालेल्या पाण्यात बिया भिजविल्या की त्यांतील चव जागीच राहते, कॅफीन तेवढे बाहेर येते आणि कोळशाच्या गाळणीत अडकते. तिसरी रीत जर्मनीत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात शोधली: ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू द्रवासारखा मुरतो आणि नेमके कॅफीनच विरघळवून नेतो. युरोपातील नियमांनुसार भाजलेल्या डिकॅफ कॉफीत ०.१ टक्क्याहून अधिक कॅफीन चालत नाही. पेल्याच्या भाषेत हे प्रमाण २ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत येते. ते शून्य नव्हे, पण झोपेच्या दृष्टीने बहुतेकांना निरुपद्रवी आहे.

मग दुकानात ती का मिळत नाही? काउंटरच्या पलीकडे पाहिले की उत्तर डोळ्यांसमोर दिसते. यंत्राशेजारी एकच ग्राइंडर असतो आणि त्याच्या माथ्यावरील पारदर्शक हॉपरात किलोभर बिया ओतलेल्या असतात. कामावरचा मुलगा मुठीचे भांडे खाली धरतो, सुमारे १८ ग्रॅम चुरा त्यात पडतो, तो दाबून यंत्रात अडकवतो, आणि अर्ध्या मिनिटात पेला भरतो. त्याच हॉपरात डिकॅफ मिसळता येत नाही, म्हणून दुसरा ग्राइंडर लागतो. आणि दिवसाकाठी दोघेतिघेच मागणार असतील तर उघडलेल्या बिया पंधरवड्यात शिळ्या होतात. शिवाय डिकॅफच्या बियांना किंमत अधिक पडते, आणि प्रक्रियेमुळे त्या ठिसूळ झालेल्या असल्याने ग्राइंडरची मांडणीही निराळी ठेवावी लागते. दुकानदाराची अडचण खरी आहे, हे मी मान्य करतो.

पण तिला तोड आहे. एका पेल्यापुरत्या बिया तोलून हवाबंद पुड्यांत भरून ठेवाव्यात आणि मागणी येताच लहान हातग्राइंडरवर दळाव्यात, म्हणजे दुसरे महागडे यंत्र नको आणि मालही वाया जात नाही. दुधाच्या कॉफीसाठी तर चांगल्या प्रतीची डिकॅफ इन्स्टंटही चालून जाते. पाटीवर मात्र स्पष्ट लिहावे; कारण डिकॅफ म्हणून साधी कॉफी देणे हा ज्याला हृदयाच्या ठोक्यांचा विकार आहे त्याच्याशी केलेला द्रोह आहे. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांवर ज्या भागातील दुकाने चालतात, तेथे एवढी तजवीज करणे मला कर्तव्यच वाटते.

मागणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गर्भवतीने दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेचे मत आहे, आणि तिच्यासाठी डिकॅफ खरोखर उपयोगी आहे. परंतु ज्याला आम्लपित्ताचा त्रास आहे त्याची सुटका डिकॅफने होईलच असे नाही, कारण पोटातील आम्ल वाढविणारी द्रव्ये कॅफीनखेरीज कॉफीत इतरही आहेत. घरी फिल्टर कॉफी करणाऱ्यांपुढे आणखी एक मार्ग आहे. चिकोरीच्या मुळीत कॅफीन मुळीच नसते, आणि आपल्या कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. त्यामुळे असे मिश्रण घेतले की त्याच मापाच्या चुऱ्यातून येणारे कॅफीन जवळजवळ निम्मे होते, आणि रोबस्टाऐवजी अरेबिकाच्या बियांचे मिश्रण निवडले तर त्याहूनही खाली येते, कारण रोबस्टात अरेबिकाच्या सुमारे दुप्पट कॅफीन असते.