सही झाली, करार अडला

२४ सप्टेंबर १९९६. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात बिल क्लिंटन यांनी सर्वंकष अणुचाचणीबंदी करारावर, म्हणजे सीटीबीटीवर, सगळ्यांच्या आधी सही केली. पेनही मुद्दाम निवडलेलं होतं. १९६३मध्ये जॉन केनेडी यांनी मर्यादित चाचणीबंदी करारावर त्याच पेनानं सही केली होती. केनेडींच्या कराराला सिनेटनं ८० विरुद्ध १९ मतांनी मंजुरी दिली होती. क्लिंटन यांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही.

अमेरिकेत करार करण्याचा अधिकार अध्यक्षांचा असला तरी त्याची दोरी सिनेटच्या हातात आहे. राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा मिळवावा लागतो. शंभरच्या शंभर हजर असतील तर ६७ मतं लागतात. ३४ जण अडून बसले की संपलं.

सीटीबीटी १९९७मध्ये सिनेटकडे आला आणि परराष्ट्र व्यवहार समितीत रुतला. समितीचे अध्यक्ष होते नॉर्थ कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स. क्षेपणास्त्रविरोधी कराराच्या दुरुस्त्या आणि क्योटो करार आधी पाठवा, मग याचं बघू, असा त्यांचा हेका होता. १९९९च्या सप्टेंबरात डेमोक्रॅट सदस्यांनी चर्चेसाठी आवाज चढवला. त्यावर रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट यांनी एकाएकी सांगून टाकलं, घ्या मतदान, तेही थोड्याच दिवसांत! त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन काइल यांनी करार पाडण्याइतकी मतं गुपचूप गोळा करून ठेवली होती.

डेमोक्रॅट कात्रीत सापडले. मतदान पुढे ढकला, अशा पत्रावर दोन्ही पक्षांच्या ६२ सदस्यांनी सह्या केल्या. पण मतदानाचं वेळापत्रक सर्वसंमतीनं ठरलेलं होतं, त्यामुळे ते बदलायलाही सर्वसंमती हवी होती. मूठभर सदस्यांनी नकार दिला आणि वाट बंद झाली.

१३ ऑक्टोबर १९९९ला मतं पडली: बाजूनं ४८, विरोधात ५१. डेमोक्रॅट सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी नुसती हजेरी नोंदवली. एवढा गंभीर विषय इतक्या घाईत उरकल्याचा त्यांना राग होता. विरोधकांचे आक्षेप मात्र हवेतले नव्हते. चोरून केलेली लहान चाचणी पकडता येईल का, आणि चाचणीविना जुनी अस्त्रं भरवशाची राहतील का, हे त्यांचे मुख्य प्रश्न होते.

हा करार अमलात यायचा तर ठरवून दिलेल्या ४४ देशांची मंजुरी लागते. त्यांपैकी भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्त यांची सही आहे, पण मंजुरी नाही. रशियानं २००० साली दिलेली मंजुरी २०२३मध्ये मागे घेतली.

सिनेटची ही भिंत ओलांडता येत नसेल, तर तिला वळसा घालता येतो. २०१५च्या इराण अणुकराराच्या वेळी बराक ओबामांनी तेच केलं. तो दस्तऐवज सिनेटच्या मंजुरीचा ‘करार’ म्हणून मांडलाच नाही. काँग्रेसनं स्वतंत्र कायदा करून तो तपासण्याचा हक्क मिळवला, पण तो रोखण्याइतकी मतं जमली नाहीत. वळशाची किंमत पुढे चुकवावी लागली. २०१८च्या मे महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यातून अंग काढून घेतलं आणि त्यासाठी त्यांना सिनेटला विचारावं लागलं नाही. पुढचा अध्यक्ष हे सगळं रद्द करू शकतो, असं पत्र ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना आधीच धाडलं होतं.

भारताशी झालेल्या नागरी अणुकराराची वाटही अमेरिकी काँग्रेसमधूनच गेली. भारत अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा सदस्य नसल्यानं तिथे आधी २००६चा हाइड कायदा करावा लागला. मग १ ऑक्टोबर २००८ला सिनेटनं ८६ विरुद्ध १३ मतांनी करार मान्य केला.

आपल्याकडे त्याच वर्षी २२ जुलैला लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ असा अटीतटीचा कौल लागला. त्यामागचं भांडण अणुकरारावरूनच होतं, तरी मतदान झालं ते मनमोहन सिंग सरकारवरच्या विश्वासावर. करारावर स्वतंत्र मतदान घेणं सरकारवर बंधनकारक नव्हतं. संसदेनं आपला वचक दाखवला तो दोन वर्षांनी. २०१०च्या अणुदायित्व कायद्यानं अपघाताची भरपाई यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांकडून वसूल करण्याची वाट मोकळी ठेवली. परदेशी कंपन्या बिचकल्या. जैतापूरच्या फ्रेंच अणुभट्ट्यांच्या वाटाघाटींतही हाच मुद्दा अडचणीचा ठरला.

करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार भारतीय राज्यघटनेच्या २५३व्या कलमानं संसदेला दिला आहे. केंद्र सूचीतल्या १४व्या नोंदीनुसार करार करण्याच्या पद्धतीवरही संसद कायदा करू शकते. महत्त्वाच्या करारांना आधी संसदेची संमती घ्यावी, असा सर्वसाधारण कायदा मात्र अजून झालेला नाही.