डोमकळी दाखवता आली पाहिजे

बार्शीटाकळीकडच्या शिवारात कपाशी फुलावर आली की एखादं फूल उमलतच नाही. गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी असते. पुढं ती बोंडात शिरते, छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून ठणठणीत दिसत राहतं. २०१७ मध्ये या अळीनं विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हा पडद्यावर हताश चेहरे पुष्कळ पाहिले. डोमकळी मला तरी क्वचितच दिसली.

म्हणून बी.एस्सी. करून पत्रकारितेकडे वळणाऱ्या पोरापोरींचं मला मोल वाटतं. 'सायन्स सोडलं' असं घरचे म्हणतात. सोडलं कुठं?

डोमकळी उकलून दाखवायला जवळून घेतलेला व्हिडिओच हवा. बीटी वाणाला अळी का जुमानेना, हे हलत्या आकृतीतून पटकन उमजेल: भोवती बिगर-बीटीच्या ओळी लावल्या गेल्या नाहीत, म्हणून तग धरलेल्या पतंगांचं आपसातच मीलन झालं, फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभीच राखली, म्हणून हंगामानंतरही अळीला खायला मिळालं. शेतकऱ्याची शंका त्याच्याच वऱ्हाडीत, त्याच्याच आवाजात ऐकवावी. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आले की उपाय करायचा, हा आकडा मात्र लिहूनच द्यावा. तो मोबाइलवर पुन्हा उघडून पाहिला जातो. कशाला कॅमेरा आणि कशाला अक्षर, हे ठरवायचं तर अळीचं जीवनचक्र आधी कळलेलं हवं. ते प्राणिशास्त्राच्या वर्गात कळतं.

मराठीत ही वाट जुनीच. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणिताचेही अध्यापक होते. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातून 'सायन्स टुडे'च्या संपादकपदावर आले.

आता तर शिकायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीत आहे, तिथं मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो; पदवी कोणत्याही शाखेची चालते. चित्रण, संकलन तिथं शिकता येईल. प्रयोगवहीत न जुळलेलं वाचनही खोडायचं नाही, ही सवय मात्र घरूनच न्यावी. शंका विचारायला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे.

प्रवेशाची वाट पाहायचीही गरज नाही. कामगंध सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लागतात. जूनअखेर पेरा झाला असेल, तर पहिलं चित्रण ऑगस्टच्या मध्यावर, आपल्याच धुऱ्यावरून सुरू करता येईल.