पेन ‘हलतंय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

लाकडाचा किंवा अॅक्रिलिकचा चौकोनी तुकडा लेथवर फिरवायचा, धारदार हत्याराने तासत तासत गोल करायचा आणि त्याचं पेन बनवायचं, हा छंद जगभरात बऱ्याच लोकांना आहे. त्याला पेन टर्निंग म्हणतात. नाव नवं वाटलं तरी काम आपल्याला नवं नाही. लाकूड फिरवून आकार देणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात, गुजरातीत संघाडियो किंवा खरादी. बडोद्याहून तासाभराच्या वाटेवरचं संखेडा याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथे सागवानाचे पाय आणि दांडे लेथवर फिरवतात, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवतात आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. आपल्या सावंतवाडीची लाखकामाची खेळणी याच कुळातली.

मी साहित्याची विद्यार्थिनी. लेथ मी फक्त बाहेरून पाहिलाय. तरी या छंदातला एक भाग मला आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे असं वाटतं. तो पेनाचा नाही, पेन बनवायच्या हत्यारांचा आहे. ही हत्यारं बऱ्याचदा एक-दोन माणसांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनतात, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत ऐकतच ती सुधारतात. म्हणजे शेवटी हा सगळा व्यवहार भाषेवर चालतो.

आधी काम समजून घेऊ. साध्या पेनासाठी लाकडाच्या तुकड्याला लांबीत आरपार भोक पाडतात आणि त्यात पितळी नळी चिकटवतात. नळीची टोकं काटकोनात साफ करतात. मग तो तुकडा एका बारीक सळईवर चढवतात. ही सळई म्हणजे मँड्रेल. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी बुश येतात. बुशची जाडी पेनाच्या धातूच्या भागांच्या जाडीइतकीच असते, म्हणून लाकूड बुशला टेकेपर्यंत तासलं की माप बरोबर आलं असं समजायचं. शेवटी घासून, पॉलिश करून सगळे भाग दाबून बसवायचे.

हे ऐकायला सोपं आहे. पण नवशिक्यांची एक तक्रार ठरलेली असते: “पेन हलतंय”, “एका बाजूला जाड झालं”, “जोडावर नख अडकतं”. ही तिन्ही वाक्यं एकाच दोषाची असू शकतात. मँड्रेलची सळई जेमतेम सव्वासहा मिलिमीटर जाड असते. तिच्या टोकाची चाकी जास्त आवळली, किंवा टेलस्टॉकने मागून जास्त दाब दिला, तर ती मध्ये किंचित वाकते. डोळ्याला ते दिसत नाही. पण वाकलेल्या सळईवर फिरणारं लाकूड एका बाजूने जास्त तासलं जातं आणि पेन जोडल्यावर नखाला पायरी लागते. दोष सळईचा असतो, पण गिऱ्हाईक म्हणतं “लाकूड खराब होतं”, किंवा “तुमचा बुश चुकीच्या मापाचा आहे”.

इथे छोट्या हत्यारकाराची कसोटी लागते. त्याने तक्रार जशीच्या तशी खरी मानली तर तो उगाच बुशचं माप बदलेल. खोटी मानली तर गिऱ्हाईक जाईल. चांगला हत्यारकार उलट प्रश्न विचारतो. पायरी सगळीकडे सारखी आहे की एकाच बाजूला? चाकी किती आवळली होती? एकच तुकडा चढवला होता की दोन? पायरी सगळीकडे सारखी असेल तर बुश झिजला असेल किंवा त्याचं माप चुकलं असेल. एकाच बाजूला असेल तर सळई वाकतेय. “हलतंय” या एका शब्दामागचे दोन अर्थ असे सुटे होतात.

या प्रश्नोत्तरांतून मँड्रेल कसा बदलत गेला ते बघण्यासारखं आहे. पहिली सुधारणा लांबीची: एकच तुकडा तासायचा असेल तर सळई आत सरकवून आखूड करता येईल अशी पकड आली, कारण आखूड सळई कमी वाकते. दुसरी सुधारणा दाबाची: टेलस्टॉकमध्ये पोकळ सेंटर बसवलं. सळई त्याच्या आत शिरते आणि दाब सळईच्या टोकावर न येता बुशवर येतो. तिसरी सुधारणा तर सळईच काढून टाकते. बुशच्या दोन्ही तोंडांना साठ अंशाचा उतार देऊन तुकडा थेट दोन सेंटरमध्ये धरायचा. जी वस्तू वाकायची तीच उरली नाही!

दुसरं उदाहरण आट्यांचं. काही लोक तयार भाग न वापरता टोपण आणि दांडा स्वतः घडवतात. त्यासाठी आटे पाडायला टॅप आणि डाय लागतात. समजा आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर आहे आणि आट्यांचा भाग ६ मिलिमीटर लांब आहे. मग टोपण उघडायला साडेसात फेरे लागतात. वर्गात सरांचं वाक्य टिपायचंय आणि आपण टोपणच फिरवत बसलोय! यावर उपाय म्हणजे तीन समांतर आटे. मग प्रत्येक फेऱ्याला टोपण २.४ मिलिमीटर सरकतं आणि अडीच फेऱ्यांत काम होतं. पण असे टॅप-डाय हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाहीत. एखाद-दुसऱ्या नगासाठी कोणी ते बनवतही नाही. म्हणून हौशी लोक आधी आपापसात मागणी आणि पैसे गोळा करतात आणि एका कारागिराकडून एकदम वीस-तीस संच बनवून घेतात. इथे गिऱ्हाईक तक्रार करून थांबत नाही, सुधारणेचा खर्चही उचलतं.

मोठ्या कंपनीला हे का जमत नाही? तिचा माल हजारांनी निघतो, साचे ठरलेले असतात, आणि तक्रार कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर चार टेबलांवरून फिरते. छोट्या कारागिराचा पुढचा घाणा पन्नास नगांचा असतो. आज ऐकलेलं तो पुढच्या आठवड्यात बदलू शकतो.

पण ऐकण्यालाही मर्यादा असते. एक म्हणतो बुश सैल हवा, दुसरा म्हणतो घट्ट हवा. दोघांचंही ऐकलं तर धंदा बुडेल. माप बदललं तर जुन्या गिऱ्हाइकांचं आधीचं सामान नव्याशी जुळत नाही. शिवाय अचूकता फुकट येत नाही. दशांश चिन्हापुढचा एक आकडा वाढवायचा तर वेळ आणि पैसे दोन्ही वाढतात, आणि हे गिऱ्हाइकाला सांगायला धीर लागतो.

गिऱ्हाइकाची मागणी काय करू शकते याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण वर्ध्याशी जोडलेलं आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम शिक्के घडवणारे कारागीर. सामान्य लोकांच्या उपयोगाचं काहीतरी स्वदेशी बनवा, असं १९२१ साली गांधीजींनी त्यांना सुचवलं. रत्नम पेनाकडे वळले. पुढे त्यांचं पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. जे. सी. कुमारप्पा म्हणजे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले अर्थतज्ज्ञ, वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्यवाह. १६ जुलै १९३५ च्या पत्रात गांधीजींनी रत्नम यांचे आभार मानले आणि पेन आपण वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसतं, असं कळवलं. मला यातलं ‘वापरून पाहिलं’ महत्त्वाचं वाटतं. नुसतं कौतुक करून ते थांबले नाहीत. पेन वापरलं आणि मग मत दिलं.

आता गंमत बघा. आज तिरुवल्लूरचे रंगा पेन्स, चेन्नईचे आसा पेन्स, पुण्याचे फॉस्फर पेन्स यांच्यासारखे छोटे उत्पादक आहेत. जुन्या पद्धतीच्या भारतीय पेनात ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरतात. शाई कमी झाली की आत हवा वाढते, हाताच्या उबेने ती फुगते आणि कागदावर थेंब पडतो. त्यामुळे गिऱ्हाइकांना काढता-घालता येणारी शाईची कांडी हवी होती, आणि निब तर थेट जर्मन. रंगासारख्या कारागिरांनी दोन्ही सोयी दिल्या, म्हणून त्यांची पेनं आता परदेशातही जातात. १९३५ मध्ये गिऱ्हाइकाला परदेशी पेनाला पर्याय हवा होता. आजचं गिऱ्हाईक परदेशी निब मागतं. दोन्ही वेळा कारागिराने ऐकलं. यातलं काय कमावलं आणि काय गमावलं हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते निबसुद्धा इथेच चांगली बनावी अशी मागणीही आपणच करायला हवी. मागणारा नसेल तर कारागिराने कोणासाठी धडपडायचं?

आणि मागायचं तर नीट शब्दांत. “बेकार आहे”, “मजा नाही आली” यातून कारागिराला काहीच कळत नाही. काय वापरलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, कुठे झालं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ आहे. आपल्या मंडळात कविता वाचून झाली की आपण “छान आहे” म्हणतो आणि चहाकडे वळतो. कवीचंही नुकसान कातारीसारखंच होतं. ओळ कुठे अडली, नखाला पायरी कुठे लागली, ते सांगितलं तर पुढचा खर्डा सुधारतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लेथवर उभा असलेला माणूस आणि मंडळात वही घेऊन बसलेला माणूस, दोघांनाही आपल्याकडून कौतुकाआधी नेमकं वाक्य हवं असतं.