बंदिवासानंतरची पंगत

चंद्रपूरचे कारागृह गोंडकालीन वास्तूत आहे. बाबूराव शेडमाके यांना 1858 मध्ये फाशी देण्यात आली ती तेथेच. तेथून सजा भोगून सुटलेला गोंड वा माडिया कायद्याने मुक्त होतो. तो गावात परतला, असे मात्र एवढ्याने ठरत नाही.

मध्य प्रांतातील अनेक जातिजमाती तुरुंगवास भोगलेल्यास काही काळ जातीबाहेर ठेवीत, असे रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथावरून दिसते. दोष केवळ गुन्ह्याचा नसावा. परक्या हातचे अन्न खाऊन पंगत तुटल्याचाही असावा. म्हणूनच परतीचा मार्ग पंगतीतून जाई. पंचांसमोर उभे राहावे, दंड द्यावा, जमातीस जेवण घालावे. त्याच्या दारी सर्व जेवले की त्यास वेगळे मानण्यास कोणास आधार उरत नसे. नुकत्याच सुटलेल्या निर्धनास हे जेवण म्हणजे दुसरी सजाच, हेही खरे.

अनुसूचित क्षेत्रात तंटे परंपरेनुसार मिटविण्याचा ग्रामसभेचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने मान्य केला. महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरविला. दोहोंचा मेळ घालावयाचा तर बहिष्कार व दंड वगळून स्वीकाराचा विधी तेवढा राखावा लागेल. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या मेंढा (लेखा) सारख्या ग्रामसभांना हे अवघड नाही. कारागृहाने सुटकेची तारीख गावास आधी कळवावी, बंद्याबरोबर माडिया बोलणारा माणूस धाडावा आणि त्या जेवणाचा खर्च पुनर्वसनाच्या मदतीत धरावा.