सहलीनंतरचा ताप आणि एक काळी खपली

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तेरा वर्षांचा एक मुलगा आमच्या ओपीडीत आला. सहा दिवसांपासून ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी, अंग दुखतेय. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह होती, तरी प्लेटलेट्स उतरत होत्या. दोन प्रकारची प्रतिजैविके देऊन झाली होती. ताप हटत नव्हता.

‘‘बाहेरगावी गेला होता का?’’ मी विचारले. ‘‘नाही. घर आणि शाळा,’’ आई म्हणाली. तेवढ्यात मागून आजी बोलल्या, ‘‘अहो साहेब, दिवाळीत नव्हते का गेले हे समदे त्या दरीत? तंबूत झोपले, रानात!’’

ती दरी म्हणजे सांधण. अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याजवळ, रतनगडाच्या शेजारी साम्रद गाव आहे. तिथे सह्याद्रीच्या काळ्या कातळाला पडलेली ही अरुंद भेग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. पाऊस सरला की आपल्या जालन्याहूनही कुटुंबे तिकडे जातात. मोठमोठे दगड ओलांडायचे, साचलेल्या पाण्यातून चालायचे आणि रात्री तंबूत मुक्काम. मुलगाही पाण्यातून बाहेर आल्यावर गवतावर बराच वेळ लोळला होता.

मग मी त्याला पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासले. जांघेत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली एक काळी खपली होती. विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्याने कुणाला सांगितलेच नव्हते.

हा ‘स्क्रब टायफस’. नावात टायफस असले तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. गोचिडाच्या जातकुळीतला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा माइट नावाचा जीव गवतात, झुडपांत असतो. त्याची अळी उंदरांवर जगते आणि संधी मिळाली की माणसालाही चावते. तिच्यातून ओरिएन्शिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो. चावल्यानंतर साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो. तोवर सहलीचे फोटोही जुने झालेले असतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

पेनिसिलिन गटातल्या औषधांना हा जिवाणू दाद देत नाही. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध मात्र वेळेवर दिले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदूवर परिणाम होतो आणि जीवही जाऊ शकतो. मुलाचे रक्त तपासणीला पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले. तिसऱ्या दिवशी त्याने पोळी मागितली. हे औषध मनाने मात्र घेऊ नका. गर्भवतींना दुसरे द्यावे लागते.

यात त्या दरीचा दोष नाही. झुडपे आणि उंदीर आहेत तिथे, अगदी आपल्या शेताच्या बांधावरही, हा जीव असू शकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत धोका अधिक, आणि नेमका तोच सहलींचा हंगाम.

म्हणून सहलीला जरूर जा, पण तंबू गवत काढलेल्या, मोकळ्या जागी लावा. खाली जाड ताडपत्री घाला. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा. उघड्या अंगाला कीटकरोधक मलम लावा. लहान मुलांसाठी वेष्टनावरच्या सूचना पाळा. ओले कपडे झुडपांवर वाळत घालू नका. परतल्यावर साबणाने अंग चोळून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कमरपट्ट्याखालचा भाग नीट पाहा.

आणि तीन आठवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. कुठे गेला होतात, कुठे झोपला होतात, हे आपणहून सांगा. त्या दिवशी आजी सोबत आल्या नसत्या तर आमचे आणखी एक-दोन दिवस वाया गेले असते. तेवढा वेळ त्या मुलाकडे होता की नाही, कुणास ठाऊक.