वाघाची विष्ठा आणि कारणाचा प्रश्न

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं वाघाच्या विष्ठेवर बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण आम्ही वर्गात आयुष्यभर 'कारण' म्हणजे काय हेच शिकवत आलो, आणि इथं तोच प्रश्न रानात येऊन उभा राहतो.

२००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. २००८ पासून रणथंबोरचे वाघ आणून सोडले. नर होता, माद्या होत्या, भक्ष्य होतं; पण पहिले बछडे दिसायला २०१२ उजाडलं. उलट पन्नात २००९ मध्ये वाघिणी सोडल्या आणि २०१० च्या एप्रिलात पिल्लं झाली. मग सरिस्कात अडलं कुठं?

वाघाला पकडून रक्त काढावं, तर त्या धसक्यानंच संप्रेरकं चढतात. म्हणून विष्ठा. ताण आला की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते यकृतात मोडतं आणि त्याचे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात. ताण फार काळ टिकला तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेश मंदावतो, माजावर येणं लांबतं. आता बघा, वनरक्षक ताजा नमुना शोधतो, डीएनएवरून तो कुठल्या वाघाचा हे ठरतं, रसायनाचा अभ्यासक अवशेष मोजतो, आणि आणखी कुणीतरी नकाशावर रस्ते, गावं, गुरं मांडतं. एका विषयाच्या माणसाचं हे काम नव्हे. सरिस्कात माणसांचा नि गुरांचा वावर आणि वाघांचा ताण यांचा संबंध २०१५ च्या अभ्यासात दिसला. कान्हा-बांधवगडमध्ये पर्यटनाच्या हंगामात ताणाचे आकडे चढलेले आढळले, ते २०१९ मध्ये.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं का? (आमचे प्राणिशास्त्रातले मित्र इथं हमखास चिडतात.) हीच संप्रेरकं गाभणपणातही चढू शकतात, झुंजीनंतरही. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. त्याच वाघिणीचे महिनोन् महिन्यांचे आकडे हवेत, जोडीला प्रोजेस्टेरॉनचेही.

आता हे आपल्या दारात आलंय. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाची वाघीण चांदोलीत आणली. कोरड्या रानातली वाघीण, आणि इथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. त्यात विष्ठा धुऊन जाते. म्हणजे नमुने कोरड्या महिन्यांतच जमवायचे, आणि तेही सुरुवातीपासून. उद्या दोन-तीन वर्षं बछडे दिसले नाहीत, तर लोक सरळ म्हणतील, वाघीणच वांझ. तेव्हा आधीचे आकडे हाताशी नसले, तर तिच्यावरचा तो शिक्का पुसायचा कशानं?